डेटोनाच्या उंबरठ्यावर: स्टॉक कार शर्यतींविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतील स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेच्या कप मालिकेच्या २०२६ च्या मोसमातील गुणांच्या शर्यती येत्या १५ फेब्रुवारीला ‘डेटोना ५००’ने सुरू होत आहेत. या मालिकेविषयी आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. तरीही मुंबईत रात्री जागून या शर्यती पाहणारे वाचक आहेत, आणि त्यांच्या घरात त्या पाहण्यावरून वादही होतात, हे या वेळच्या पत्रांवरून दिसले. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

चेंबूरहून एक वाचक लिहितात: माझे स्वतःचे गॅरेज आहे. माझा पुतण्या या शर्यती मन लावून पाहतो. मला मात्र त्यात चाळीस गाड्या डावीकडे वळत गोल फिरताना दिसतात, याहून अधिक काही दिसत नाही. यात पाहण्यासारखे काय आहे? आणि या गाड्या खरोखर दुकानात मिळणाऱ्या असतात का?

उत्तर: आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे अर्धे उत्तर त्यातच आहे. ‘स्टॉक’ या शब्दाचा मूळ अर्थ कारखान्यातून आली तशीच, काहीही बदल न केलेली गाडी असा होता. बिल फ्रान्स यांनी १९४८ मध्ये नॅसकारची स्थापना केली आणि १९४९ च्या जून महिन्यात शार्लट येथे झालेल्या पहिल्या ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यतीत लोक खरोखरच रस्त्यावरच्या गाड्या घेऊन उतरले होते. आजच्या गाडीचे दुकानातल्या गाडीशी नाते केवळ चेहऱ्यापुरते उरले आहे. तिला उघडणारे दरवाजे नसतात, चालक खिडकीतून आत शिरतो, आणि पुढचे दिवे म्हणजे चिकटवलेली चित्रे असतात. शेवरोले, फोर्ड आणि टोयोटा या तीन कंपन्यांच्या नावांनी गाड्या धावतात, पण सांगाडा सर्वांचा सारखाच असतो. २०२२ मध्ये जी नवी गाडी आली, तिच्या मागच्या दोन चाकांना प्रथमच स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले आणि प्रत्येक चाकाच्या पाच नटांच्या जागी मधोमध एकच मोठा नट आला. त्यामुळे चारही टायर बदलून पेट्रोल भरण्याचे काम दहा सेकंदांच्या आसपास उरकते. हे काम आपण रोज हाताने करत असल्यामुळे दहा सेकंद म्हणजे काय, हे या पानावरच्या कोणत्याही वाचकापेक्षा आपल्याला अधिक कळेल.

आता डावीकडे वळण्याविषयी. डेटोनाचा ट्रॅक अडीच मैलांचा आहे आणि त्याची वळणे ३१ अंशांनी कललेली आहेत. एवढा उतार उभारण्यासाठी लागलेली माती ट्रॅकच्या मधूनच खणून काढली, आणि त्या खड्ड्याचे पुढे तळे झाले. ते आजही तेथे आहे. अशा उतारावर चालकाला गॅसवरचा पाय जवळजवळ उचलावा लागत नाही, म्हणून तेथे इंजिनांची ताकद मुद्दाम सुमारे ५१० अश्वशक्तीपर्यंत आवळलेली असते. परिणामी कोणतीही गाडी एकटी फार वेगळी पळू शकत नाही आणि सगळा खेळ हवेचा होतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत घाट लागण्यापूर्वीच्या सपाट रस्त्यावर स्पर्धक एकमेकांच्या मागे का लपतात, हे आपण पाहिले असेल. पुढचा हवा कापतो आणि मागच्याचे श्रम वाचतात. डेटोनात याच्या पुढची गोष्ट घडते. मागच्या गाडीमुळे पुढच्या गाडीच्या पाठीमागची ओढही कमी होते, त्यामुळे एकामागोमाग चिकटून धावणाऱ्या दोन गाड्या एकट्या गाडीपेक्षा अधिक वेगवान ठरतात. म्हणजे जिंकण्यासाठी प्रतिस्पर्ध्याचीच मदत घ्यावी लागते, आणि ती मदत कोणत्या फेरीला सोडायची याचा निर्णय २०० फेऱ्यांच्या शर्यतीत शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत घ्यावा लागतो.

छोट्या ट्रॅकवर खेळ निराळा असतो. मार्टिन्सव्हिल किंवा ब्रिस्टॉल येथील ट्रॅक जेमतेम अर्ध्या मैलाचे आहेत. तेथे टायर झिजत जातात, इंधन संपत जाते तसे गाडीचे वजन बदलते, आणि प्रत्येक वीस-तीस फेऱ्यांनी तीच गाडी वेगळी वागू लागते. चालक रेडिओवरून ‘टाइट’ म्हणाला, तर स्टिअरिंग फिरवूनही गाडीचे नाक वळत नाही असे समजावे. ‘लूज’ म्हणाला, तर मागचा भाग बाहेर सुटू पाहत आहे. मग पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत टायर आणि इंधनासाठी थांबण्याच्या जागेत, टायरमधील हवा थोडी कमी-जास्त करून किंवा मागच्या स्प्रिंगवरचा ताण पान्याने एखाद-दुसरा फेरा फिरवून ती गाडी ताळ्यावर आणली जाते. पुढच्या वेळी पुतण्याच्या शेजारी बसून एखाद्या छोट्या ट्रॅकची शर्यत पाहावी आणि केवळ एका गाडीवर लक्ष ठेवावे, अशी माझी आपल्याला मनापासून विनंती आहे. यंदा दीड मैलाहून लहान ट्रॅकवर इंजिनांची ताकद ६७० वरून ७५० अश्वशक्तीवर नेली आहे. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना गॅस जपून देणाऱ्या चालकाचे कसब अधिक स्पष्ट दिसावे, अशी अपेक्षा आहे.

मुलुंडहून महाविद्यालयात शिकणारी एक वाचक लिहिते: गेल्या नोव्हेंबरातील फिनिक्सची शेवटची शर्यत पाहून मला फार वाईट वाटले होते. आता विजेता ठरवण्याची पद्धत बदलली असे कळते. नेमके काय बदलले आहे, आणि त्यामुळे तसा प्रसंग पुन्हा येणार नाही का?

उत्तर: ज्यांनी ती शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०१४ पासूनच्या पद्धतीत मोसमाच्या शेवटी चार चालक उरत आणि अखेरच्या एका शर्यतीत त्या चौघांपैकी जो पुढे राहील तो वर्षाचा विजेता ठरे. फिनिक्सला डेनी हॅमलिन २०८ फेऱ्या आघाडीवर होता. विजेतेपदाविना सर्वाधिक, म्हणजे ६० शर्यती जिंकलेला हा चालक पंचेचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर प्रथमच विजेता होणार, असे शेवटच्या तीन फेऱ्या उरेपर्यंत दिसत होते. तेवढ्यात दुसऱ्या एका गाडीचा टायर फुटला आणि पिवळा झेंडा पडला, म्हणजे सर्वांना वेग कमी करून रांगेत यावे लागले. सगळे पिटमध्ये आले. हॅमलिनच्या संघाने चार टायर बदलले आणि काइल लार्सनच्या संघाने दोनच. त्या काही सेकंदांच्या फरकाने लार्सन पुढे निघाला आणि एकही फेरी आघाडीवर न राहता वर्षाचा विजेता झाला. लार्सन उत्कृष्ट चालक आहे आणि नियमानुसार ते विजेतेपद पूर्णपणे त्याचे आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. दोष पद्धतीचा होता.

आपल्याकडे अनेकांनी २०२३ च्या विश्वचषकाची आठवण काढून, ओळीने दहा सामने जिंकूनही भारत अंतिम सामना हरला तेव्हा आपण तो निकाल मान्य केलाच ना, असे मला विचारले आहे. मला ही तुलना पटत नाही. क्रिकेटच्या अंतिम सामन्यात मैदानावर दोनच संघ असतात आणि त्यांचा निकाल तेच लावतात. फिनिक्सला मात्र विजेतेपदाचे चार दावेदार आणि ज्यांचा विजेतेपदाशी काहीही संबंध उरलेला नाही असे तीसहून अधिक चालक एकाच ट्रॅकवर होते, आणि त्यांतील कोणाच्याही फुटक्या टायरने वर्षभराचा हिशेब उलटू शकत होता.

आता नव्या पद्धतीविषयी. जानेवारीत जाहीर झालेल्या निर्णयानुसार २००४ मध्ये सुरू झालेली ‘चेस’ ही व्यवस्था परत आली आहे. पहिल्या २६ शर्यतींनंतर गुणांनुसार पहिले १६ चालक निवडले जातील आणि सप्टेंबरात डार्लिंग्टनपासून नोव्हेंबरात मायामीजवळच्या होमस्टेडपर्यंत अशा दहा शर्यतींत त्यांची एकत्रित गुणसंख्या मोजली जाईल. मध्ये कोणीही बाद होणार नाही. एक शर्यत जिंकली की अंतिम टप्प्यात जागा पक्की, हा नियमही गेला. याच नियमामुळे २०२४ च्या ऑगस्टमध्ये गुणतक्त्यात चौतिसाव्या स्थानावर असलेला हॅरिसन बर्टन डेटोनाची एक शर्यत जिंकून थेट विजेतेपदाच्या शर्यतीत दाखल झाला होता.

मग जिंकण्याला महत्त्व उरणार नाही का, अशी शंका येईल. माझ्या मते या बदलातील सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग इथेच आहे. आजवर विजेत्याला ४० आणि दुसऱ्या क्रमांकाला ३५ गुण मिळत, म्हणजे फरक पाचच गुणांचा होता. आता विजेत्याला ५५ मिळतील आणि दुसऱ्याचे ३५ तसेच राहतील. वीस गुणांचे हे अंतर भरून काढण्यासाठी दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानणाऱ्याला बरेच आठवडे घालवावे लागतील. हे जपणे आवश्यकच होते. २००३ मध्ये मॅट केनसेथ एकच शर्यत जिंकून वर्षाचा विजेता झाला आणि त्यावर उठलेल्या चर्चेनंतरच मूळ चेस आली होती, हा इतिहास अधिकाऱ्यांनी लक्षात ठेवला आहे असे दिसते.

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की शेवटच्या शर्यतीत निकाल उलटण्याचा प्रसंग पुन्हा येऊ शकतो, पण तो दहा शर्यतींच्या जमाखर्चातून येईल. २०११ मध्ये टोनी स्ट्युअर्ट आणि कार्ल एडवर्ड्स यांचे गुण मोसमाअखेर बरोबर २४०३ असे समान झाले होते. स्ट्युअर्टच्या नावावर पाच विजय होते आणि एडवर्ड्सच्या नावावर एक, म्हणून विजेतेपद स्ट्युअर्टला मिळाले. हरणाऱ्यालाही आपण कोठे कमी पडलो हे बोट ठेवून सांगता येईल, असा तो शेवट होता.

माझा एक आक्षेप मात्र शिल्लक आहे. २६ शर्यतींनंतर सर्वांचे गुण नव्याने मांडले जातील. पहिल्या क्रमांकाला २१००, दुसऱ्याला २०७५, तिसऱ्याला २०६५ आणि त्यापुढे प्रत्येकी पाच गुण कमी. म्हणजे एखाद्याने सहा महिने खपून दोनशे गुणांची आघाडी घेतली, तरी ती ऑगस्टअखेर पंचवीस गुणांवर येईल. सगळ्या ३६ शर्यतींचे गुण सरळ मोजावेत आणि त्यातून विजेता ठरावा, असे मला आजही वाटते.

दादरहून एक आई लिहितात: माझा सोळा वर्षांचा मुलगा या शर्यती पाहतो. त्यातले अपघात पाहून माझा जीव वर-खाली होतो. मुलाला यापासून दूर ठेवावे का?

उत्तर: आपली काळजी निराधार नाही. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० च्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट हा सात वेळचा विजेता भिंतीवर आदळून मृत्युमुखी पडला. त्याच्याआधीच्या दहा महिन्यांत नॅसकारच्या प्रमुख मालिकांतील तीन तरुण चालक गेले होते. या खेळाला जे शिकायचे होते ते त्यानंतर तो शिकला. डोके आणि मान जागेवर धरून ठेवणारे उपकरण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून सक्तीचे झाले. पुढील काही वर्षांत काँक्रीटच्या भिंतींपुढे पोलादी नळ्या आणि फोम यांची धक्का शोषणारी भिंत उभी राहिली. त्या दिवसानंतर नॅसकारच्या तीन राष्ट्रीय मालिकांत शर्यतीदरम्यान एकाही चालकाचा मृत्यू झालेला नाही. २०२० मध्ये डेटोनाच्याच शेवटच्या फेरीत रायन न्यूमनची गाडी हवेत उलटली आणि दुसऱ्या गाडीने तिला धडक दिली. तो वाचेल की नाही अशी भीती होती, पण दोन दिवसांनी तो आपल्या दोन्ही मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर आला.

तरीही धोका संपला असे मी आपल्याला सांगणार नाही. २०२२ च्या नव्या गाडीचा मागचा भाग इतका ताठ होता की धडकेचा हादरा थेट चालकापर्यंत पोहोचत असे. त्या वर्षी मेंदूला झालेल्या इजेमुळे कर्ट बुशला पूर्णवेळ शर्यती सोडाव्या लागल्या, आणि पुढच्या वर्षासाठी गाडीचा तो भाग मऊ करण्यात आला. आपण मुलाला मनाई करू नये. अपघातानंतर गाडीत नेमके काय वाकले, काय टिकले आणि चालक कशामुळे वाचला, हे त्याच्याकडून समजावून घ्यावे. त्याला ते सांगता आले, तर तो केवळ आदळआपट पाहत नाही याची आपल्याला खात्री होईल.

विलेपार्ल्याहून एक वाचक विचारतात: या मालिकांमध्ये कधी कोणी भारतीय उतरला आहे का?

उत्तर: होय. नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत, म्हणजे पिकअप ट्रकांच्या शर्यतींत, उतरला. मार्टिन्सव्हिल येथील पहिल्याच शर्यतीत तो तेरावा आला, आणि वर्षाअखेरीस चाहत्यांच्या मतदानात त्या मालिकेतील सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून त्याचीच निवड झाली. भारतातून मते देणाऱ्यांचा त्यात मोठा वाटा होता, असे मी समजतो.

गिरगावहून एक ज्येष्ठ वाचक लिहितात: निवृत्तीनंतर नातवामुळे मला या शर्यतींची गोडी लागली आहे. डेटोना ५०० आपल्याकडे किती वाजता सुरू होईल, आणि पुढे वर्षभर वेळेचा हिशेब कसा ठेवावा?

उत्तर: शर्यतीची जाहीर झालेली वेळ तेथील रविवारी दुपारी अडीचची आहे, म्हणजे आपल्याकडे रविवार उलटून सोमवारी पहाटे एक वाजता. मात्र पावसाची शक्यता असली की वेळ अलीकडे आणतात किंवा शर्यत पुढे ढकलतात, म्हणून रविवारी संध्याकाळी एकदा खात्री करून घ्यावी. यंदा १५ फेब्रुवारीलाच महाशिवरात्र आहे. आपल्या घरी जागरणाची प्रथा असेल, तर आजोबा आणि नातू यांना वेगळे निमित्त शोधावे लागणार नाही. ५०० मैलांच्या शर्यतीला साधारणपणे साडेतीन ते चार तास लागतात, तेव्हा विजेता कळेपर्यंत उजाडायला फारसा वेळ उरलेला नसेल.

८ मार्चला अमेरिकेतील घड्याळे एक तास पुढे जातील. तोपर्यंत पूर्व अमेरिकेच्या वेळेत साडेदहा तास मिळवावेत, नंतर साडेनऊ, आणि नोव्हेंबरात घड्याळे मागे आली की पुन्हा साडेदहा. तेथे शनिवारी रात्री होणाऱ्या शर्यती आपल्याकडे रविवारी पहाटे पडतात आणि फिरायला जाण्याच्या वेळी संपतात. त्या आपल्या वयाच्या वाचकांना अधिक सोयीच्या आहेत. ज्या रात्री चित्र पाहणे जमणार नाही, त्या रात्री रेडिओवरचे इंग्रजी समालोचन अवश्य ऐकावे. त्यात वळणावळणावर वेगळा समालोचक उभा असतो आणि गाड्या पुढे सरकतील तसा एकाचा आवाज तुटून दुसऱ्याचा सुरू होतो. बाळ ज. पंडितांचे क्रिकेट समालोचन कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकलेल्या पिढीला ते ऐकताना डोळ्यांपुढे ट्रॅक उभा करणे मुळीच अवघड जाणार नाही.