तळपायांची आग आणि अल्फा लिपोइक अ‍ॅसिड

प्रश्न : वय 58, बारा वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन चालू आहे. रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात. औषधाच्या दुकानात अल्फा लिपोइक अ‍ॅसिड सुचवले. ‘अँटिऑक्सिडंट आहे, अपाय नाही’ असे सांगितले. किती आणि कसे घ्यावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी रक्तातले बी-12 तपासून घ्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने बी-12 कमी शोषले जाते आणि त्याच्या कमतरतेनेही अशीच आग होते. अल्फा लिपोइक अ‍ॅसिडच्या बहुतेक गोळ्यांत मेथिलकोबालामिन, म्हणजे बी-12 चेच एक रूप, मिसळलेले असते, त्यामुळे गोळी सुरू केल्यावर केलेली तपासणी फसवी येते. म्हणून तपासणी आधी, गोळी नंतर.

मधुमेही चेतादाहावरच्या (मधुमेहाने नसांना होणाऱ्या इजेवरच्या) 2006 मधल्या एका चाचणीत रोज 600, 1200 आणि 1800 मि.ग्रॅ. अशा मात्रा पाच आठवडे दिल्या होत्या. आग आणि टोचणे तिन्हींत कमी झाले. मात्रा वाढवून आराम वाढला नाही, मळमळ तेवढी वाढली. तेव्हा दिवसाला 600 पुरे. न्याहारीच्या अर्धा तास आधी पाण्याबरोबर घ्या. अन्नाबरोबर ते कमी शोषले जाते. दीड-दोन महिन्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांशी बोलून थांबवा. बधिर झालेल्या पायाची संवेदना याने परत येईल, अशी आशा मात्र धरू नका.

खरी चूक होते ती पाकीट न वाचल्याने. अनेक मिश्र गोळ्यांत अल्फा लिपोइक अ‍ॅसिड फक्त 100 मि.ग्रॅ. असते. 600 भरावे म्हणून कुणी अशा सहा गोळ्या घेतल्या आणि प्रत्येकीत प्रीगॅबालिन (नसांच्या वेदनेवरचे औषध) 75 मि.ग्रॅ. असले, तर दिवसात 450 मि.ग्रॅ. प्रीगॅबालिन पोटात जाते. मग गुंगी येते, तोल जातो, या वयात पडून हाड मोडते. मिश्र गोळ्यांतल्या बी-6 चेही तसेच. ते दीर्घकाळ जास्त झाले तर स्वतःच नसांना इजा करते, म्हणजे ज्यासाठी गोळी घेतली तेच दुखणे वाढते. फक्त अल्फा लिपोइक अ‍ॅसिड असलेली गोळी मागा.

क्वचित काहींच्या शरीरात याने इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडे तयार होतात आणि साखर अचानक खूप उतरते. घाम, थरथर, कडकडून भूक असे झाले तर लगेच साखर मोजा. 70 च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. गोळी बंद करून डॉक्टरांना कळवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) घेणाऱ्यांनी पहिले काही आठवडे साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी.

घरात लहान मूल असेल तर डबी कुलपात ठेवा. मुलांनी या गोळ्या गिळल्यास झटके येऊ शकतात.

प्रश्न : आईची केमोथेरपी चालू आहे. हीच गोळी तिला द्यावी का?

उत्तर : कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. काही केमो औषधे ऑक्सिडीकरणातूनच गाठीच्या पेशी मारतात. अँटिऑक्सिडंट त्या पेशींनाही वाचवण्याचा धोका असतो. प्लॅटिनमगटातल्या औषधांमुळे होणारा चेतादाह याने टळतो का, हे 2014 मधल्या एका चाचणीत पाहिले गेले. फायदा दिसला नाही.