जुनं ते कामाचं: गोधडी, तळणाचं तेल आणि न गारवणारा माठ

प्रश्न: घरात दहा-बारा जुन्या साड्या आहेत. काही सुती, काही सिंथेटिक, दोन जरीकाठाच्या. एका माणसाला पुरेल अशी गोधडी घरीच शिवायची आहे. किती साड्या लागतील? आधी शिवलेली एक गोधडी दोन धुण्यांतच आतून गोळा झाली. (वाचक, सातारा)

ती गोळा झाली ती बहुधा मिसळीमुळे. सुती कापड धुतल्यावर आटतं, सिंथेटिक आटत नाही. शिवाय सिंथेटिक निसरडं असल्यामुळे दोन ओळींच्या मधल्या जागेत सरकत राहतं. म्हणून पहिलं काम वाटणीचं: गोधडीत फक्त सुती साड्या. सिंथेटिकच्या बाजाराच्या पिशव्या शिवा. ते कापड लवकर विरत नाही आणि भिजलं तरी पटकन वाळतं. जरीचे काठ उसवून बाजूला ठेवा, नाहीतर जर अंगाला टोचते.

आता हिशेब. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडी कमी रुंद असते. तिचे दीड मीटरहून जरासे मोठे, म्हणजे १५५ सेंटिमीटरचे तीन तुकडे निघतात. असे दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की पाच फूट बाय सात फुटांच्या गोधडीचा एक थर तयार होतो. म्हणजे दोन साड्यांत तीन थर, चार साड्यांत सहा. साताऱ्याच्या थंडीला सहा थर बरे. मुंबई-कोकणात चार थरही पुरतात, त्याला तीन साड्या लागतील. नऊवारी असेल तर एकीचे पाच तुकडे निघतात.

सगळ्या साड्या आधी गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा. खळ राहिली की कपाटात ठेवलेल्या गोधडीला कसर लागते. मग प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरा. निऱ्यांचा खालचा घेर सहसा झिरझिरीत झालेला असतो. असे तुकडे आतल्या थरांत घाला आणि धड कापड वर-खाली. खालच्या बाजूला मांजरपाट लावणार असाल तर तेही आधी धुऊन आटवून घ्या.

फरशीवर अस्तर उलटं अंथरा. त्यावर एकेक थर मधून कडेकडे हाताने सारखा करत पसरा. जोडाचे सगळे सांधे एकावर एक येऊ देऊ नका, प्रत्येक थर चार बोटं इकडे-तिकडे सरकवा. नाहीतर मधोमध जाड पट्टी येते आणि तिथे सुई शिरत नाही. आता वीतभर अंतरावर आडवे-उभे कच्चे टाके घाला. कंटाळवाणं काम आहे आणि नेमकं हेच लोक गाळतात. पुढे पक्की शिलाई कडेपासून सुरू करून चौकोनात फिरत आत जायची असते, त्यामुळे जादाचं कापड मध्याकडे ढकललं जातं. कच्चे टाके कमी असतील तर शेवटी मधे फुगवटा राहतो, मग तो कात्री लावल्याशिवाय जात नाही.

अस्तर इंचभर आत दुमडून कड बंद करा आणि धावदोरा घाला. टाका सेंटिमीटरभराचा आणि दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. चार बोटांचं अंतर ठेवलं की काम निम्म्यात होतं खरं, पण गोधडी गोळा व्हायचं दुसरं कारण तेच. दोरा जाड सुती घ्या आणि टाका ओढून घट्ट करू नका, चुण्या पडतात. मशीनवर शिवायची तर १६ किंवा १८ नंबरची सुई, टाका सगळ्यात लांब. सहा थरांच्या वर घरगुती मशीन कुरकुरतं. आमचं मत विचाराल तर हाताचीच बरी: मशीनची गोधडी ताठ होते, अंगासरशी बसत नाही.

प्रश्न: दिवाळीनंतर तळणाचं दीड-दोन लिटर तेल उरतं. मोरीत ओतलं की पाइप तुंबतो. त्याचा साबण होतो असं ऐकलं आहे. प्रमाण नक्की काय? (वाचक, लातूर)

होतो. कपड्यांना, फरशीला आणि पायपुसणी धुवायला चांगला. अंगाला लावायला नको, तळणात नेमकं काय काय उतरलंय ते आपल्याला कळत नाही. तळलेल्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांचं (तेल तापून बिघडलं की तयार होणाऱ्या घटकांचं) प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते खाण्यासाठी वापरू नये, हा नियम आपल्याकडे २०१८ पासून आहे. घरी ते मोजता येत नाही. तेल काळपट, चिकट झालं, तापताना फेसाळलं किंवा लवकर धुरावलं, की भाजीला न वापरता ते साबणाच्या बरणीत ओता.

अर्ध्या किलोचं प्रमाण असं: सूर्यफूल, सोयाबीन किंवा शेंगदाण्याचं तेल ५०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ६४ ग्रॅम, पाणी १६५ ग्रॅम. पामतेल असेल तर सोडा ६७ ग्रॅम. यात पाचेक टक्के तेल मुद्दाम शिल्लक राहतं, म्हणजे साबण जहाल होत नाही. सगळं वजनानेच मोजा. मापाने ५०० मिलिलिटर तेल घेतलंत तर त्याचं वजन ४६० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि सोडा जास्त होतो. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा नसेल तर या भानगडीत पडू नका.

सोडा म्हणजे खाण्याचा नव्हे, धुण्याचाही नव्हे. हार्डवेअरच्या दुकानात पापुद्र्यांच्या रूपात मिळतो तो कॉस्टिक. मोरी साफ करायची तयार पावडर घेऊ नका, काहींत अ‍ॅल्युमिनियमचे कण असतात. पापुद्रे एकमेकांना चिकटून ढेकूळ झालं असेल तर त्याने हवेतला ओलावा ओढलाय, मग वजनाचा भरवसा नाही. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लॅस्टिकचं. अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणजे जर्मनचं पातेलं अजिबात नको: कॉस्टिक ते खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो.

हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी. लहान मुलं आणि मांजर दुसऱ्या खोलीत. तेल फडक्यातून दोनदा गाळा, गाळ राहिला की साबणाला वास येतो. सोडा थोडा थोडा करून पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही, ते उसळून तोंडावर येतं. द्रावण एकदम तापतं आणि वाफ नाकाला झोंबते, म्हणून काचेचा पेला वापरू नका, तडकतो. अंगावर थेंब उडालाच तर लिंबू-व्हिनेगर चोळत बसू नका, पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेला तर तसंच धुऊन लगेच डॉक्टर गाठा.

तेल आणि द्रावण दोन्ही कोमट झालं की तेलात द्रावण ओता आणि ढवळा. हाताने तासभरही लागतो, सूर्यफुलाचं तेल तर फारच आळशी. हँड ब्लेंडरने काही मिनिटांत होतं, पण तो ब्लेंडर मग स्वयंपाकात परत आणायचा नाही. पळीतून पडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर उठून दिसली की आइस्क्रीमच्या रिकाम्या प्लॅस्टिक डब्यात ओता. दोन-तीन दिवसांनी, मऊ असेल तर आठवड्याने, वड्या कापा आणि वाऱ्याच्या जागी चार ते सहा आठवडे वाळू द्या. पावसाळ्यात वड्यांना घाम सुटतो, त्यातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. दिवाळीच्या तेलाचा साबण हिवाळ्यात करताय तेच योग्य.

बिघडलं तर ओळखायचं असं. वर तेलाचा तवंग राहिला: ढवळणं कमी पडलं किंवा सोडा जुना होता. वडी कापताना आतून पाणी ओघळलं किंवा ती खडूसारखी भुगा झाली: सोडा जास्त झाला, ती वापरू नका. वर नुसती पांढरी पूड आली तर काळजी नको, पुसून टाका. आणि तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर फेस कमी आणि साय जास्त दिसेल. तो साबणाचा दोष नाही.

प्रश्न: तीन उन्हाळे वापरलेला माठ आता पाणी गारच करत नाही. कंपोस्टसाठी वापरू का? (वाचक, नागपूर)

आधी तपासा. माठ भरून ठेवा आणि काही तासांनी बाहेरून हात फिरवा. ओलसर लागला तर छिद्रं जिवंत आहेत, जागा बदलून वारा लागेल असा ठेवा. कोरडा लागला तर पाण्यातल्या क्षारांनी छिद्रं बुजली आहेत. नुसत्या काथ्याने आतून-बाहेरून घासा, साबण लावू नका, माती तो शोषून घेते. मग एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी काही तास भरून ठेवा, धुवा आणि दिवसभर साध्या पाण्यात बुडवा. तरीही कोरडाच राहिला तर कंपोस्टला लावा.

तळाला आणि बाजूंना मिळून दहा-बारा भोकं पाडा. माठ रात्रभर भिजवून, दगडात भोक पाडायचं ड्रिलचं पातं लावून, ड्रिलची ठोके मारायची (हॅमर) सोय बंद ठेवून. खिळा ठोकलात तर तडा जाणारच. एक वाटी ओला कचरा, दोन वाट्या सुका पाला, या मापाने थर द्या. वास आला म्हणजे ओल जास्त, पाला वाढवा. राखाडी जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या काळ्या सैनिकमाशीच्या असतात आणि कचरा झपाट्याने संपवतात.

माठ बाहेरून ऑइलपेंटने रंगवून त्यावर वारली काढायची आणि मग आत वास येतो म्हणून तक्रार करायची, असं करू नका. रंगाने उरलीसुरली छिद्रंही बंद होतात. रंगवायचाच तर गेरूने रंगवा.

प्रश्न: जॅम-सॉसच्या बाटल्यांचे स्टिकर निघत नाहीत. आणि त्यांत लोणचं ठेवलं तर झाकण गंजतं. (वाचक, ठाणे)

कोमट पाण्यात भिजवून वरचा कागद काढा. राहिलेल्या चिकटीवर खोबरेल तेल आणि खायचा सोडा समप्रमाणात कालवून अर्धा तास लावा आणि घासा. झाकणाचं म्हणाल तर, आतला पातळ लेप खरवडला की मीठ आणि आंबट रस थेट पत्र्याला भिडतो, गंजणारच. त्या बाटल्यांत डाळी, मसाले, बटणं ठेवा. लोणच्याला चिनी मातीची बरणी किंवा काचेच्या झाकणाची बाटली घ्या.

प्रश्न: बंद पडलेल्या ट्यूबलाइटपासून शोभेची वस्तू करता येईल का? (वाचक, कोल्हापूर)

नाही. जुन्या पद्धतीची ट्यूब (एलईडी नव्हे) आणि सीएफएल दोन्हीत पारा असतो. चुकून फुटली तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं खोलीबाहेर जा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर न वापरता जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक कण ओल्या कागदाने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. अख्खी असो वा फुटलेली, ती ई-कचरा संकलनात द्यायची, ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही.