पोरांना आजीच्या हाताखाली दे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

इस्रायलमधल्याच डिमोनाचं घर बंद करून आजी अश्दोदला तुमच्याकडे आली, पण तुझे धाकटे भाऊ ‘शालोम’ म्हणून सरळ आपल्या खोलीत निघून जातात, हे वाचून जीव कळवळला. तिची हिब्रू बाजारहाटापुरती, त्यांना मराठी येत नाही. त्यांना तिच्यापाशी बसवू कसं, असं विचारतेस.

आधी ‘आजीशी बोला’ म्हणणं थांबव. नुसतं बोलायला बसवलेलं मूल लगेच चुळबुळायला लागतं, ते आजीला दिसतं आणि तिला लागतं. हाताला काम हवं, आणि त्या कामात हुकूम तिचाच चालायला हवा. आपल्या बेने इस्रायलांकडे, म्हणजे कोकणातून आलेल्या मराठी यहुद्यांकडे, त्यासाठी मलिद्यासारखं दुसरं काही नाही. पोहे भिजवायचे, नारळ खवायचा, साखर-वेलची घालून कालवायचं, ताटात फळं मांडायची, एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, नाव घ्यायचं. विळीवर नारळ कसा खवायचा ते आजीच शिकवेल. फळं खाण्याआधीच्या बराखा, म्हणजे आशीर्वचनं, मात्र मुलांना म्हणू दे. खजुराला झाडाच्या फळाची बराखा, केळ्याला जमिनीच्या पिकाची. इथे मोठी माणसंसुद्धा अडखळतात. नातवाने आजीला दुरुस्त केलं तर करू दे, तिला त्याचा अभिमानच वाटेल.

आणि तू मध्ये दुभाषी होऊन बसू नकोस. तू तिथे असलीस की दोघंही तुझ्याकडे बघूनच बोलणार. ‘हळू’, ‘अजून’, ‘पुरे’ एवढं पोरं हातवाऱ्यांवरून उचलतात. तू सरळ बाहेर निघून जा.

पेसाहच्या सणाला तर सगळी रचनाच तुझ्या बाजूची आहे. धाकट्याने ‘मा निश्ताना’, म्हणजे ही रात्र वेगळी का, असं विचारायचं आणि वडीलधाऱ्यांनी आपले पूर्वज मिसरातून (इजिप्तमधून) सुटल्याची कथा सांगायची, हाच त्या रात्रीचा विधी. त्याने हिब्रूत विचारावं, आजीने मराठीत सांगावं. मराठी अर्थासह हगादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, मुंबईत 1846 साली आणि पुण्यात 1874 साली छापली गेली, म्हणजे आपल्या घरांत ही कथा मराठीत सांगणं काही नवं नाही. तिच्या ट्रंकेत जुनी प्रत आहे का विचार. नसली तर तिला तोंडपाठ किती आहे ते ऐका.

मग आडनाव. पोरांच्या दप्तरावरच्या नावाच्या शेवटी ‘कर’ आहे. पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर यांच्यासारखंच तेही रायगडातल्या एखाद्या गावावरून आलेलं. फोनवर नकाशा उघडून त्यांना ते गाव शोधायला लाव आणि आजीच्या माहेरचंही विचारायला सांग. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. जिथे शब्बाथमुळे शनिवारी बहुतेक दुकानं बंद असतात तिथे वाढलेल्या मुलांना हे कुतूहलाचं वाटेल: आख्ख्या गावात आपलाच घाणा थांबलेला!

एक विषय मात्र फक्त थोरल्यासाठी राखून ठेव. साठीच्या दशकात लग्न लावण्याआधी बेने इस्रायलांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश रब्बीनेटने, म्हणजे इस्रायलच्या सर्वोच्च धर्मपीठाने, काढला होता. आपल्या लोकांनी जेरुसलेमला ठाण मांडलं, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, आपण सर्वार्थाने यहुदी असल्याचं जाहीर केलं. त्या वर्षांत आजी तिथे तरुण होती. ती हे आपणहून काढणार नाही. त्याने विचारलं आणि ती गप्प राहिली, तर पुन्हा टोकू नये. बोलली, तर मध्ये तोडू नये आणि फोन समोर धरून रेकॉर्डही करू नये. ते नंतर, तिला विचारून.

ती तीच गोष्ट पुन्हा सांगेल. पोरं म्हणतील, ‘ही ऐकलीय.’ तेव्हा त्यांना सांग, आता पुढचं तुम्ही तिला सांगा, मोडक्या मराठीत का होईना. चुकलं की ती मध्येच थांबवून नीट करेल, आणि तेवढ्यात दोन नवी नावं, एखादं नवं गाव बाहेर पडेल. ते लिहून घे.

मलिदा कधी करताय ते कळव. पोहे जाडे घ्यायचे की पातळ, ते मला विचारू नकोस, तिला विचार.

तुझी,
मावशी