मॅकबेथ आधी इतरांच्या तोंडून वाच

प्रिय,

शेक्सपिअरच्या नाटकातली मॅकबेथची भूमिका मिळाली की पहिला मोह होतो तो आपल्या वाक्यांखाली रेघा मारण्याचा. आठवडाभर तो आवर. आधी इतर पात्रं मॅकबेथविषयी जे जे बोलतात तेवढंच वहीत उतरवून काढ. प्रत्येक वाक्यापुढे लिही: कुणाला सांगितलं, मॅकबेथ तेव्हा समोर होता का, बोलणाऱ्याला तोवर काय ठाऊक होतं. या शेवटच्या नोंदीवर वेळ घालव. तुझी स्वगतं प्रेक्षकांच्या कानावर जातात, बाकीच्या पात्रांना त्यांचा पत्ता नसतो.

तुझी एंट्री पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात. त्याआधीच्या प्रवेशात जखमी सैनिक सांगतो की मॅकबेथनं बंडखोर मॅकडॉनवाल्डला बेंबीपासून जबड्यापर्यंत फाडला आणि त्याचं मुंडकं तटावर लावलं. ते ऐकून राजा डंकन मॅकबेथला शूर आणि सभ्य म्हणतो! नाटक संपताना मॅकडफ हा तुझ्याविरुद्ध उठलेला सरदार तुझंच मुंडकं घेऊन येतो. प्रयोग आटोपशीर करताना सैनिकाच्या भाषणाला कात्री लागू देऊ नकोस. शेवटच्या मुंडक्याचं वजन तिथून येतं.

चौथ्या प्रवेशावर मात्र रेंगाळ. ज्याची पदवी तुला मिळाली त्या फितूर सरदाराला, कॉडॉरला, देहदंड झाल्याचं ऐकून डंकन म्हणतो, चेहऱ्यावरून मन ओळखायची विद्या नाही, त्या माणसावर माझा पूर्ण विश्वास होता. नेमकी तेव्हाच तुझी एंट्री. इथं चोरट्या नजरेनं आलास तर डंकन बावळट ठरतो आणि प्रवेश फुकट जातो. सरळ, मोकळ्या चेहऱ्यानं ये. पुढच्याच प्रवेशात बायको म्हणते, तुमचा चेहरा म्हणजे उघडं पुस्तक. डंकनला न वाचता आलेला चेहरा ती दारातच वाचते. तिची तक्रारही ऐकण्यासारखी आहे: नवऱ्यात महत्त्वाकांक्षा आहे, पण तिला लागणारा दुष्टपणा नाही, माणुसकीचं दूधच जास्त. रणांगणावर माणूस उभा चिरणाऱ्याबद्दल हे मत फक्त घरातलंच माणूस देऊ शकतं. तिच्यासमोर चेहरा सैल सोड, दरबारात आवळून धर.

तुझा सोबती सेनापती बँक्वो करणारे नट पहिल्यापासून संशयानं बघतात, तिथं घोटाळा होतो. तू राजा होशील हे चेटकिणींचं भाकीत ऐकून तू दचकलास एवढंच त्याला दिसतं. नवा मान नव्या कपड्यासारखा असतो, वापरल्याशिवाय अंगाला बसत नाही, असं तो सहज म्हणतो. तू डंकनचा खून करून राजा झालास की बँक्वोच्या मनात पाल चुकचुकते, तिसऱ्या अंकाच्या आरंभी तो ते एकटाच बोलतो. तरी गप्प राहतो, कारण त्याच्या वंशाला राज्य मिळेल असं चेटकिणींनी त्यालाही सांगितलेलं असतं.

लेनॉक्स या सरदाराचं भाषण सगळ्यात अवघड (तिसरा अंक, सहावा प्रवेश). मॅकबेथला डंकनची कणव आली, अर्थात तो मेल्यावर, अशा धाटणीचं. भिंतीला कान आहेत असं समजून ते सपाट आवाजात यायला हवं. संतापून म्हटलं की मेलं. चौथ्या अंकात हाच लेनॉक्स तुझ्यासमोर निमूट चाकरी करतो, तेव्हा त्याच्या आदबीत तसूभर फरक दिसता कामा नये.

पाचव्या अंकात तुझ्यावर उलटलेला सरदार अँगस म्हणतो, बुटक्या चोरानं राक्षसाचा झगा घालावा तशी पदवी आता याच्या अंगावर लोंबते. कपडेपटाला सांगून राजवस्त्र खांद्याला दोन-दोन बोटं रुंद शिवून घे. तिसऱ्या अंकात आत कापसाची गादी घाल, पाचव्यात काढ. अँगसच्याच प्रवेशात दुसरा सरदार केथनेस म्हणतो, कुणी याला वेडा म्हणतं, कमी द्वेष करणारे शौर्याचा आवेश म्हणतात. हे वाक्य उरकलं जाऊ देऊ नकोस.

शेवटी डंकनचा मुलगा माल्कम तुला मेलेला कसाई म्हणतो. ‘उद्या, आणि उद्या’ हे तुझं भाषण प्रेक्षकांनी नुकतंच ऐकलेलं असतं, त्यानं नाही. म्हणून त्यानं शब्द ठाम टाकावा, मुंडक्याकडे हळहळून बघू नये. त्याला विनंती करून तेवढा तुकडा वेगळा चारपाच वेळा करून घे, आणि तू प्रेक्षागृहात बसून ऐक.