टाकी फुगली, पाणी कोमट, आणि तिघंही म्हणतात चूक माझी नाही

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही बेळगावात शहापूरला राहतो. घरात सहा माणसं, म्हणून दिवाळीच्या आधी पाणी तापवायचा २०० लिटरचा ट्यूबवाला सोलार घेतला. मिस्टरांच्या आत्येभावाच्या ओळखीनं कोल्हापूरच्या एका दुकानातनं घेतला, तो म्हणाला तिकडं स्वस्त पडतंय, फिटिंगला माणसंबी दुकानच पाठवतंय. ३८,००० ठरले, त्यातले ३३,००० दिले, पावती म्हणजे साध्या कागदावर रक्कम आणि सही. पहिल्या आठवड्यापासनंच न्हाणीत पाण्याची धार करंगळीएवढी आणि तेबी कोमट. दुकानदाराला व्हॉट्सॲपवर चारदा कळवलं, व्हिडिओ पाठवले, तर म्हणे थंडी आहे, सेट व्हायला वेळ लागतो. शेवटी कंटाळून जानेवारीत आमच्या गल्लीतल्या प्लंबरकडनं प्रेशर पंप बसवून घेतला. धार वाढली, पण पंप चालू केला की सोलारच्या टाकीवरच्या उभ्या पाइपातनं पाणी उडायचं, म्हणून त्यानं तिथं बूच मारलं. महिन्याभरात टाकी एका बाजूनं फुगली आणि आता ट्यूबांच्या रबरी रिंगांपाशी गळूलालंय. कंपनीचा माणूस आला, फोटो काढले आणि पंप लावलाय म्हणून वॉरंटी गेली असं सांगून गेला. दुकानदार म्हणतो प्लंबरची चूक, प्लंबर म्हणतो टाकीच हलकी, आणि वर दुकानदार उरलेले ५,००० मागूलालाय! सासूबाईंनी माळ्यावरचा बंब खाली काढलाय, रोज पेटवताना एक वाक्य ऐकवतात. तक्रार करायची तर कोल्हापुरात की बेळगावात, आणि कन्नडमध्येच द्यावी लागते का? गच्चीचे फोटो पाठवलेत.
— एक वाचक, शहापूर

उत्तर : ताई, सासूबाईंचं ते वाक्य काय असेल ते मला न विचारता कळतंय, आमच्या आईचंही तेच होतं. असो, तो बंब अजून काही दिवस खालीच राहू दे.

तक्रारीचं नंतर बघू, आधी आज संध्याकाळी एवढं करा. पंपाचं बटण बंद करा आणि दुसऱ्या प्लंबरला बोलावून सोलारची लाइन पंपातनं सोडवून घ्या. त्याआधी सगळे फोटो काढा, फुगलेली बाजू, बूच, पंपाचा जोड, सगळं, कारण एकदा खोललं की पुरावा गेला. मग बूच काढा. ती उभी नळी म्हणजे टाकीचं नाक आहे, आतली वाफ आणि हवा तिथनं बाहेर जाते आणि पाणी उपसलं की बाहेरची हवा तिथनंच आत येते. तुमची टाकी बिनदाबाची आहे, वरच्या पाण्याच्या टाकीच्या वजनाचाच काय तो दाब तिला सोसतो. पंप लावल्यावर नळीतनं पाणी उडत होतं ते टाकी ओरडून सांगत होती की मला हे झेपत नाही, आणि प्लंबरनं तिचं तोंडच बांधलं. फुगली ती त्यामुळं. आणि हो, टाकीतलं पाणी काढलंत तर परत भरताना भर दुपारी भरू नका, तापलेल्या कोरड्या काचेत गार पाणी गेलं की ट्यूब तडकते, पहाटे भरा. आतला करंटवाला रॉड तर गळती थांबेपर्यंत अजिबात लावायचा नाही.

आता चूक कुणाची. तुम्हाला आवडणार नाही पण पंप आणि बूच हे तुमच्या माणसानं केलंय, त्यामुळं टाकी फुगल्याचं खापर सरळ दुकानदारावर फोडायला गेलात तर तिथं तुम्ही हरणार. पण पंप लागला का? धार येत नव्हती म्हणून. आणि धार का येत नव्हती ते तुमच्या तिसऱ्या फोटोत दिसतंय. सोलार गच्चीवर उंच स्टँडवर चढवलाय आणि पाण्याची काळी टाकी शेजारी दीड फुटाच्या कट्ट्यावर. अहो, ही सिस्टीम चालते ती गार पाणी वरनं खाली येतंय आणि तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतंय एवढ्याच जोरावर. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलारच्या टाकीच्या डोक्यापेक्षा वर पाहिजे, फूट दोन फूट तरी. तुमच्याकडं दोन्ही जवळजवळ एका पातळीला आहेत, म्हणजे सकाळी काळी टाकी निम्मी झाली की सोलारची टाकीही वरनं रिकामी, आणि गरम पाण्याचा पाइप तर वरच्याच अंगाला असतो. मग करंगळीएवढी धार येणार नाही तर काय होणार. ती बारीक धार उघड्या पाइपातनं तीन मजले उतरता उतरता गार होते, म्हणून कोमट.

पाइपही बघा, फोटोत गरम लाइनला साधा पांढरा यूपीव्हीसी दिसतोय आणि दोन क्लॅम्पच्या मध्ये तो लोंबलाय. गरम पाण्याला सीपीव्हीसी लागतो, तो फिकट पिवळसर असतो, आणि त्यावर फोमचं कव्हर. आणखी एक, स्वयंपाकघरातल्या गार नळाला संध्याकाळी कधी कोमट पाणी येतं का ते बघून ठेवा, येत असेल तर सोलारला जाणाऱ्या गार लाइनवर नॉन रिटर्न व्हॉल्व, म्हणजे पाणी उलटं फिरू न देणारी झडप, बसवलेलाच नाही किंवा बसवलाय तो अडकलाय. ही सगळी कामं दुकानाच्या माणसांची, तुमच्या प्लंबरचा तिथं हातही लागलेला नाही.

म्हणजे तुमची केस अशी मांडायची: फिटिंग पहिल्या दिवसापासनं चुकीचं, चारदा कळवलं, कुणी आलं नाही, म्हणून आम्हाला उपाय शोधावा लागला. व्हॉट्सॲपवरच्या त्या चार मेसेजच्या तारखा पंपाच्या बिलाच्या आधीच्या आहेत, तुमचा सगळा जीव त्या तारखांत आहे. चॅट डिलीट करू नका, मोबाइल बदलणार असाल तर आधी एक्सपोर्ट करून ठेवा. नुसतं पंप लावला म्हणून वॉरंटी गेली हे कंपनीचं म्हणणं टाकीपुरतं कदाचित टिकेल, फिटिंगला ते लागूच होत नाही.

एक टेस्ट करून ठेवा, साधं थर्मामीटर चालेल, तापाचं नको, शंभर अंशापर्यंतचं प्रयोगशाळेतलं आणा. पंप काढल्यावर, स्वच्छ उन्हाचा दिवस बघून, दिवसभर गरम पाणी न वापरता साडेचारला सोलारच्या टाकीपाशीच बादलीत पाणी घेऊन मोजा, लगेच खाली न्हाणीत मोजा, आणि रात्रीत किती उतरतं ते कळायला दुसऱ्या दिवशी पहाटे परत वरती मोजा. वर ५५-६० अंश आणि खाली ४० असेल तर माल चांगला, लाइन वाईट. वरतीच कमी भरलं तर ट्यूबा बघा, खालच्या टोकाला आरशासारखा चंदेरी डाग असतो, तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर त्या ट्यूबेतली पोकळी गेली, ती ट्यूब मेली. हे मोजताना व्हिडिओ घ्या, शेजारच्या कुणाला तरी उभं करा. फक्त आषाढ-श्रावणात मोजून दाखवू नका, आपल्याकडच्या पावसात कुठलाच सोलार तापत नाही, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

मग दुकानदाराला पत्र. फोन नाही, पत्र, रजिस्टर्ड किंवा स्पीड पोस्टानं, आणि मराठीतच लिहा, दुकान कोल्हापूरचं आहे, त्याला चांगलं समजेल. त्यात मागणी नेमकी ठेवा: सोलार खाली घ्या किंवा गार पाण्याची टाकी उंच करा, गरम लाइन सीपीव्हीसीनं बदला, व्हॉल्व बसवा, पक्कं बिल द्या, १५ दिवसांत. टाकीचा खर्च तुम्ही निम्मा सोसायला तयार आहात असं मी तरी लिहीन. कमीपणा वाटेल, पण पुढं कुणी कागद वाचला तर तुम्ही वाजवी बोलताय हे त्याला दिसेल, आणि बहुतेक दुकानदार इथंच खाली येतात. उरलेल्या ५,००० बद्दलही लिहा, काम पुरं झालं की त्याच दिवशी देतो. नुसते अडवून गप्प बसलात तर तो तुम्हालाच बाकीदार ठरवेल. आणि मागितल्यावर पक्कं बिल न देणं ही स्वतःच अनुचित व्यापार प्रथा आहे, हे त्याच पत्रात एका ओळीत टाका, त्याचा परिणाम होतो असा माझा अनुभव आहे.

नाहीच हलला तर आधी १९१५ ला फोन लावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. ते निकाल देत नाहीत, मध्यस्थी करतात, पण तक्रारीचा नंबर मिळतो.

त्यानंतर ग्राहक आयोग. तुमचा मूळ प्रश्न हाच होता आणि याचं उत्तर सोपं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, जो जुलै २०२० पासनं लागू झाला, ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, दुकान कुठल्याही राज्यात असू दे. पूर्वी दुकानाच्या गावाला जावं लागायचं, आता बेळगावच्या आयोगात बसून कोल्हापूरच्या दुकानदाराला नोटीस जाते. सीमेवरच्या आपल्या लोकांना हे फार उपयोगाचं आहे, आपली निम्मी खरेदी पलीकडची, आणि कुणाला हे माहीतच नसतं. कन्नड येत नसेल तर इंग्रजीत द्या. कोल्हापुरातही देता येते, दुकान तिथं आहे म्हणून, आणि तिथं मराठी चालेल, पण दर तारखेला शंभरेक किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं बघा, मी असतो तर बेळगावच धरलं असतं. ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवरनं दाखल होते, अर्ज दिला तर सुनावणी व्हिडिओवर मिळू शकते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची. विरुद्ध बाजूला दुकानदार आणि कंपनी दोघांनाही घाला, एकाला घातलं की तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. कायद्यात तीन महिन्यांत निकाल म्हटलंय, मालाची तपासणी लागली तर पाच, प्रत्यक्षात जास्त लागतात हे धरून चला. मानसिक त्रासाचे पाच लाख मागू नका, त्यानं तुमच्या खऱ्या मागणीचं वजन जातं.

आणि तुमचा तो गल्लीतला प्लंबर, त्याच्याशी मात्र भांडण वाढवू नका. त्याच्याकडनं पंप काढून न्यायला लावा, मजुरी देऊ नका, आणि पंप कुठल्या तारखेला कशासाठी बसवला हे एका कागदावर लिहून घ्या. तो कागद तुमच्याच कामाचा आहे, त्यात धार येत नव्हती म्हणून हे शब्द यायला पाहिजेत.

प्रश्न : दादा, आम्ही खानापूरजवळच्या खेड्यातले. सोलार बंबवाल्यानं सूर्य घर योजनेची सबसिडी मिळते म्हणून ॲडव्हान्स १०,००० घेतला, आता म्हणतो फाइल अडकलीय. खरं असेल का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : नाही. पीएम सूर्य घर ही फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेली योजना वीज तयार करणाऱ्या पॅनलची आहे, १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा त्याच्या पुढं जास्तीत जास्त ७८,०००. पाणी तापवायच्या सोलारचा तिच्याशी संबंध नाही, दोन्ही गच्चीवर बसतात आणि दोन्हीला लोक सोलार म्हणतात एवढंच. त्यामुळं त्याची फाइल कुठं अडकलीय हे विचारत बसू नका, अर्जाचा नंबर द्या म्हणावं, तो त्याच्याकडं नसणार. खोटं सांगून माल विकला म्हणून ॲडव्हान्स परत मागा, लेखी, आणि तो सबसिडीचं जे बोलला ते परत एकदा मेसेजवर विचारून त्याच्याकडनं लिहून घ्या. हे आधी करा, पैसे मागायचं पत्र त्यानंतर, नाहीतर तो सावध होईल.