बेळगावचे गर्दीचे रस्ते : रुंदीकरणाआधी वाटणीचा विचार

आपण विचारले आहे की बेळगावसारख्या जुन्या शहरातील गर्दीचे मुख्य रस्ते पायी चालणाऱ्यांसाठी, सायकलींसाठी आणि सिटीबससाठी नव्याने आखता येतील का, की त्यासाठी आधी रुंदीकरणच करावे लागेल. माझे उत्तर असे आहे की ते करता येईल, आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी एकही भिंत पाडावी लागणार नाही. आहे ती रुंदी आज कोणाच्या वाट्याला किती जाते, हे आधी पाहायला हवे.

मास्टर प्लॅनच्या नावाखाली घरांचे दर्शनी भाग पाडून रस्ते मोठे केले, की मिळालेली जागा लवकरच उभ्या मोटारींनी आणि दुचाकींनी भरते, आणि चालणारा पुन्हा वाहनांच्या मधून वाट काढू लागतो, हे आपल्या शहरात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागू नये. सुमारे तीन मीटर रुंदीच्या एका पट्ट्यातून तासाला किती माणसे जाऊ शकतात, याचे रस्ते-आखणीत सर्वमान्य असलेले अंदाज पाहावेत. केवळ खासगी मोटारी असतील तर ६०० ते १६००, फक्त बससाठी राखलेल्या मार्गिकेतून ४००० ते ८०००, आणि तेवढ्याच रुंदीच्या पदपथावरून सुमारे ९०००. वाहनांऐवजी माणसे वाहून नेण्याला प्राधान्य द्यावे, हे तत्त्व केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात २००६ सालीच आलेले आहे. तरीही रस्त्याचे अंदाजपत्रक तयार होते तेव्हा डांबरी पट्टा आधी ठरतो आणि उरलेल्या कडेला पदपथ म्हणतात. हा क्रम उलटा केल्याशिवाय पुढचे काहीच साधणार नाही असे मला वाटते.

पदपथाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक आराखडे तेथेच फसतात. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, बाजारपेठेत २.५ मीटर, आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नको. मोकळी या शब्दावर जोर आहे. विजेचा खांब, डीपी, दुकानाचा फलक आणि पायऱ्या वजा जाता जे उरते तेच मोजायचे. आपल्याकडे पदपथ म्हणजे बहुधा गटारावरची फरशी असते, ती रस्त्यापासून फूटभर उंच असते आणि प्रत्येक फाटकापाशी खाली उतरते. गुडघे दुखणारी वृद्ध व्यक्ती, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन आलेली बाई किंवा चाकाच्या खुर्चीवरचा माणूस यांच्यासाठी असा पदपथ नसल्यासारखाच असतो. फाटकापाशी पदपथाने उतरायचे नसते. पदपथ त्याच पातळीवर सलग राहतो आणि वाहनाने लहान उतारावरून त्याच्यावर चढून जायचे असते. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत बेळगावची निवड झाली आणि त्या निधीतून काही रस्त्यांना चांगले पदपथ मिळाले; पण चौक आला की पदपथ संपतो, आणि ओलांडण्याची खरी गरज असते ती चौकातच. शिवाय आपला पावसाळा जोरदार असल्याने पाण्याचा निचरा आणि पदपथ यांची आखणी एकाच कागदावर व्हायला हवी, नाहीतर पुढच्याच वर्षी फरशा उखडलेल्या दिसतील.

सगळ्या रस्त्यांना एकच उपाय लागू पडत नाही. काँग्रेस रोडच्या एका बाजूने रेल्वेमार्ग जातो, त्यामुळे तेथे वाहने वेग घेतात. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या वाहनात ३० च्या वाहनाच्या चौपट गतिज ऊर्जा असते, आणि धडकेत माणूस वाचणार की नाही हे मुख्यतः त्यावरच ठरते. म्हणून रेल्वे गेटांकडे वळणाऱ्या तोंडांशी ओलांडण्याची जागा पदपथाच्या पातळीपर्यंत उचलून घ्यावी, वाहनांची मार्गिका तीन मीटरच ठेवावी आणि वाचलेल्या जागेत कठड्याने वेगळा केलेला सायकल मार्ग द्यावा. नुसता रंगवलेला पट्टा पुरत नाही; त्यावर दुसऱ्याच दिवशी गाड्या लागतात.

गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार या भागाचा प्रश्न वेगळा आहे. तेथे वेग नाही, पण बाजारात काहीही काम नसलेली वाहने केवळ पलीकडे जाण्यासाठी त्या गल्ल्यांतून शिरतात. बेल्जियममधील घेंट शहराने २०१७ साली मध्यवस्तीभोवतीचा भाग सहा विभागांत वाटला आणि मोटारीने एका विभागातून दुसऱ्यात जायचे असेल तर बाहेरच्या वळणरस्त्यानेच जावे, अशी रचना केली. चालणारे, सायकलस्वार आणि बस मात्र सरळ जातात. आपल्या बाजारपेठेसाठी मला हाच मार्ग सर्वांत योग्य वाटतो. मालाच्या गाड्यांना सकाळची वेळ ठरवून द्यावी. बैठ्या विक्रेत्यांना हुसकावून लावण्याचे कारण नाही, कारण २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना जागा नेमून देणे हे नगरपालिकांचे काम ठरवले आहे. गणेश विसर्जनाची मिरवणूक कपिलेश्वर तलावापर्यंत याच भागातून जाते, म्हणून विभागांच्या सीमेवर मोटारी अडवण्यासाठी लावायचे खांब त्या दिवशी काढून ठेवता येतील असेच बसवावेत. ही गोष्ट आराखड्यात आधी लिहिली नाही तर संपूर्ण योजनेला विरोध होईल, आणि तो रास्त असेल.

बसविषयी एक महत्त्वाची गोष्ट. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकात महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. येळ्ळूर, कंग्राळी, हिंडलगा येथून कामाला किंवा बाजाराला येणारी स्त्री बसमधून उतरल्यावर कोठे पाय ठेवते, हा आता रस्ते-आखणीचाच प्रश्न आहे. बसथांब्यापाशी पदपथ मार्गिकेपर्यंत पुढे आणला तर बसला आत-बाहेर करावे लागत नाही आणि प्रवाशाला गटार ओलांडून चढावे लागत नाही. शेजारच्या हुबळी-धारवाडला सुमारे २२ किलोमीटरचा स्वतंत्र बसमार्ग झाला आहे. तेथील स्थानके रस्त्याच्या मध्यभागी असल्याने प्रत्येक प्रवाशाला निम्मा रस्ता ओलांडावाच लागतो, म्हणून ओलांडण्याची सोय आधी आणि बसमार्ग नंतर, असा धडा मी त्यातून घेतो. बेळगावला एवढ्या मोठ्या मार्गाची गरज नाही. धर्मवीर संभाजी चौक आणि मध्यवर्ती बसस्थानक यांच्या आसपास बसला अडकू न देणे एवढे साधले तरी सिटीबसच्या वेळा पाळल्या जातील.

सुरुवात कोठून करावी, असेही आपण विचारले आहे. मी धर्मवीर संभाजी चौकातून करेन. तेथे आधी एका कामाच्या दिवशी आणि एका बाजाराच्या दिवशी वाहनांऐवजी माणसे मोजावीत, मग पिंपे, दोर आणि रंग यांच्या साहाय्याने नवी आखणी काही आठवडे प्रत्यक्ष लागू करून पाहावी, आणि त्या काळात दुकानदारांच्या तक्रारी लेखी घ्याव्यात. चूक आढळली तर पिंप सरकवता येते, काँक्रीट सरकवता येत नाही. हे आकडे आणि तक्रारी घेऊन महापालिकेच्या अर्थसंकल्पाआधी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना भेटावे, आणि सोबत त्या चौकातील एखाद्या व्यापाऱ्यालाही न्यावे.