बाबांना घरी आणू की अजून हॉस्पिटलात ठेवू?

प्रश्न: माझ्या सासऱ्यांना (वय 78, मेडिकेअर म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा आहे) न्यूमोनियामुळे शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात ठेवलंय. ताप उतरला, पण उभं राहवत नाही. सलाईनमधून अँटिबायोटिक चालूच आहे. तिथले लोक म्हणतात, आमच्या गावच्या हॉस्पिटलात 'स्विंग बेड' घ्या. बाबांना टाकून दिल्यासारखं होईल का?
– एक वाचक, आयोवा

उत्तर: ताई, टाकून देणं अजिबात नाही हे. मी अशाच एका गावच्या हॉस्पिटलात नर्स आहे. माझे वडील असते तर मीही हेच केलं असतं. आमच्याकडे 25च खाटा. 1980च्या कायद्याने छोट्या ग्रामीण हॉस्पिटलांना मुभा मिळाली, की तीच खाट आज तातडीच्या आजाराला वापरायची आणि उद्या त्यानंतरच्या शुश्रूषेला. यालाच 'स्विंग बेड' म्हणतात. बाबांना फिजिओथेरपी मिळेल, सलाईन चालू राहील, चोवीस तास नर्स असेल. आमची थेरपिस्ट आधी विचारते, घराला पायऱ्या किती, बाथरूमच्या दारातून वॉकर जातो का. मग तेवढ्याच पायऱ्या चढून-उतरून घेते. घरच्यांना पेशंटच्या कमरेला पट्टा बांधून उठवायला शिकवते. ते नीट शिकून घ्या. आपण दंडाला धरून ओढतो, त्याने म्हाताऱ्या माणसाचा खांदा दुखावतो.

आता एक गोष्ट आजच विचारा: बाबा तिथे 'इनपेशंट' (रीतसर भरती) आहेत की 'ऑब्झर्व्हेशन'वर (नुसते देखरेखीखाली)? स्विंग बेडचा खर्च द्यायला मेडिकेअरला आधी सलग तीन दिवस इनपेशंट लागतात, डिस्चार्जचा दिवस धरत नाहीत. ऑब्झर्व्हेशनमध्ये पलंग तोच, डॉक्टर तेच, पण ते दिवस मोजत नाहीत. यात कुटुंबं भरडली जातात, मला याचा फार राग येतो. अट पुरी झाली तर इथल्या पहिल्या 20 दिवसांचं तुम्हाला काही भरावं लागत नाही. 21 ते 100 दिवसांपर्यंत रोजचा वाटा असतो. 2025 साली तो 209.50 डॉलर होता. मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज (खासगी विमा कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर) असेल तर नियम वेगळे, बहुधा आधी मंजुरी लागते. आणि नर्सची किंवा थेरपीची रोज गरज आहे तोवरच हे चालतं, नुसतं आंघोळ-जेवणाला माणूस हवा म्हणून नाही.

घरचा मऊ वरणभात आणायला सहसा हरकत नसते, पण आधी नर्सला विचारा. गिळताना ठसका लागत असेल तर वरणही घट्टच लागेल.

डिस्चार्ज प्लॅनरला (पेशंटला सोडतानाची व्यवस्था बघणाऱ्या माणसाला) गावच्या हॉस्पिटलचं नाव सांगून आजच कागद पाठवायला लावा. थंडीत आमच्या खाटा भराभर भरतात.